'सेस्क्वी' म्हणजे दीड, पण घडण मात्र 'साडे'ची

प्रश्न असा आहे: 150व्या वर्षाच्या सोहळ्याला इंग्रजीत 'सेस्क्विसेंटेनियल' म्हणतात, त्यातलं 'सेस्क्वी' कुठून आलं? सहाशी त्याचा संबंध आहे का?

सहाशी काहीच संबंध नाही. लॅटिनमध्ये सहाला 'सेक्स' म्हणतात, त्यामुळे हा घोटाळा होतो. 'सेस्क्वी' म्हणजे दीड. शंभराच्या दीडपट म्हणून दीडशे.

त्याची फोड केली की आपल्याला ओळखीची मंडळी भेटतात. 'सेमिस' म्हणजे अर्धा आणि 'क्वे' म्हणजे 'आणि'. हा 'क्वे' संस्कृत 'च'चा सख्खा भाऊ. दोघेही वाक्यात स्वतंत्र उभे न राहता आधीच्या शब्दामागे येतात. 'सेमिस'मधला 'सेमी' आणि संस्कृतातला 'सामि' (अर्धा) हेही एकाच कुळातले. ग्रीकमध्ये शब्दारंभीच्या 'स'चा 'ह' होतो, सप्तचा 'हेप्टा' होतो तसा, म्हणून तिथे 'हेमी'.

म्हणजे 'सेस्क्वी' शब्दशः 'आणि अर्धा'. त्यातला 'एक' उच्चारलेलाच नाही! आपला 'दीड' असा बनलेला नाही. तो 'द्व्यर्ध'वरून आला: पहिला पूर्ण, दुसरा अर्धा. 'सेस्क्वी'च्या घडणीशी जुळतो तो आपला 'साडे', म्हणजे 'सार्ध', अर्ध्यासह. आपण 'साडेएक' म्हणत नाही. रोमन लोक मात्र जवळजवळ तेच म्हणत होते.

मग 'दीड-अडीच'ची रीत लॅटिनमध्ये नव्हतीच का? होती, आणि हे मला फार आवडतं. 'सेस्टर्शियस' हे रोमन नाणं इसवी सनपूर्व 211च्या सुमारास सुरू झालं, तेव्हा त्याची किंमत अडीच 'अस' ('अस' हे कमी किमतीचं रोमन नाणं) होती. नावाची फोड 'सेमिस टर्शियस', म्हणजे तिसरा अर्धा. आपला 'अडीच' आला 'अर्धतृतीय'वरून, तोही तिसरा अर्धाच. पुढे त्या नाण्याची किंमत चार अस झाली, नाव मात्र अडीचचंच राहिलं.

'सेस्क्वी' बहुधा पूर्वपद म्हणूनच येतं. रसायनशास्त्रात 'सेस्क्विऑक्साइड' म्हणजे दुसऱ्या मूलद्रव्याच्या दोन अणूंमागे ऑक्सिजनचे तीन, अर्थात एकामागे दीड. संगीतात 'सेस्क्विआल्टेरा' हे 3:2चं प्रमाण. षड्जाच्या दीडपट कंपनसंख्येचा पंचम म्हणजे तेच.

आणि 'सेस्क्विपेडेलियन', लांबलचक शब्दांना किंवा ते वापरणाऱ्याला लावायचं विशेषण. 'पेस' म्हणजे पाय, आपला 'पाद', म्हणून दीडफुटी. हे होरेस या रोमन कवीकडून आलं. शोकांतिकेतले टेलेफस आणि पेलेउस दारिद्र्यात, हद्दपारीत असताना हे दीडफुटी शब्द टाकून देतात, असं तो सांगतो, कारण प्रेक्षकाच्या काळजाला हात घालायचा असतो.