जळालेली इमारत आणि महापालिकेची नोटीस

प्रश्न : आगीनंतर मुंबई महापालिकेने आमच्या इमारतीला मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३५४ची (धोकादायक इमारत पाडण्याची किंवा दुरुस्त करण्याची) नोटीस बजावली आहे. दावा लावता येईल?

उत्तर : येईल, पण आधी पुरावा जपा. इमारत पडली की तो ढिगाऱ्यात जातो. परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून कोअर (काँक्रीटचे आतून कापलेले नळकांडी नमुने) काढून घ्या. नुसत्या हॅमर चाचणीवर (हातोडीसारखे उपकरण आपटून काँक्रीटचा कठीणपणा पाहण्यावर) विसंबू नका, ती फक्त पृष्ठभागाचे सांगते. प्लास्टरखालचे काँक्रीट गुलाबी पडले असेल, तर तिथे उष्णता साधारण ३०० अंशांपुढे गेली, असे समजा. पालिकेचा अहवाल वेगळा निघाल्यास प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे पाठवायची लेखी मागणी करा. भरपाईच्या दाव्याआधी पालिकेला याच कायद्याच्या कलम ५२७ची एक महिन्याची नोटीस द्या आणि दाव्याचे कारण घडल्यापासून सहा महिन्यांत दावा दाखल करा. चांगले दावे या मुदतीपायीच बुडतात! भाडेकरूंच्या खोल्यांची मोजमापे पाडकामाआधीच नोंदवून घ्या.