पाकीट चुलीत टाकू नका, ताई

"आक्का, आम्ही चोपडा तालुक्यातले. पाच एकर केळी, थोडा कापूस. मुलगा १६ वर्षांचा, अकरावीला, रोज एसटीने तालुक्याला जातो. दहावीपर्यंत कधी बोट दाखवायला जागा नव्हती. दिवाळीनंतर पार बदलला. गेल्या आठवड्यात पँट धुवायला घेतली तर चोरखिशात गोळ्यांचं पाकीट. दहातल्या सात खाल्लेल्या. मित्राला खोदून विचारलं तर म्हणे, हिला 'कुत्ता गोळी' म्हणतात. शर्टाला गांजाचाही वास येतो. त्याच्या मित्रांतला एक मुलगा पंक्चरचं सोल्युशन हुंगतो असंही कळलं. एका रात्री भरीत-भाकरी खाता खाता ह्याने ताटावरच मान टाकली. धाकटी बहीण उठवायला गेली, तिला असं ढकललं की ती दारावर आपटली, भुवईवर दोन टाके पडले. सकाळी हाच विचारतो, 'हिला काय लागलं?' मना पोऱ्या असा नही व्हता, आक्का. वडिलांना सांगितलं, पोरगी ओट्यावरून पडली. खरं कळलं तर ते त्याला जिवंत सोडणार नाहीत. चुलत दीर म्हणतात, गांजा झाडपाला आहे, गोळ्या तेवढ्या सोडव. सासूबाई भगताकडे न्या म्हणतात. मी ठरवलंय, सुट्टी लागली की पाकीट चुलीत टाकायचं आणि आठ दिवस त्याला खोलीत कोंडायचं. मेंदू खराब झाला असेल का? पोलिसात नाव जाईल का? त्याला सैन्यात जायचंय हो."

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीचं नंतर बोलू. आधी हे ऐका: पाकीट चुलीत टाकू नका आणि पोराला कोंडू नका. तुमच्या काळजीतूनच ते आलंय, पण सगळ्यात मोठा धोका तिथेच आहे.

ज्या गोळीला पोरं कुत्ता गोळी म्हणतात ती बहुतेक वेळा अल्प्राझोलम असते. घाबरेपणावर आणि झोपेवर डॉक्टर देतात ते औषध. डोक्यात जे धावपळ करतं त्याला ब्रेक लावणारं एक रसायन आपल्या मेंदूत असतंच, त्याला गाबा म्हणतात. ही गोळी त्या ब्रेकवर जोराने पाय ठेवते. रोज गोळी पडायला लागली की मेंदू स्वतःचा ब्रेक ढिला करून टाकतो, बाहेरून मिळतोय तर कशाला लावा म्हणून. आणि मग एके दिवशी गोळी अचानक बंद झाली, तर बाहेरचाही ब्रेक नाही आणि घरचाही नाही. हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते, भास होतात. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून आकडी येऊ शकते. त्या आकडीत जीवही जातो.

मी तीस वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर होते. असाच एक पोरगा रात्री ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आणला होता. तिसरा दिवस होता कोंडून ठेवल्याचा. त्याच्या नखांत भिंतीचा चुना भरला होता आणि जीभ दातांखाली सापडून अर्धी काळी पडली होती. आई हातात फोडलेला कांदा धरून उभी, सारखी म्हणत होती, "मी तर सोडवत होते, सिस्टर." तो वाचला. पण ते वाक्य मला अजून ऐकू येतं, म्हणून तुम्हाला एवढ्या तातडीने लिहितेय.

तर सुट्टीची वाट पाहू नका. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, तिथे मानसोपचाराचे डॉक्टर भेटतात. ते गोळी एकदम बंद करत नाहीत. त्याच जातीची, सावकाश उतरणारी दुसरी गोळी देऊन थोडी थोडी मात्रा कमी करत आणतात. त्याला काही आठवडे लागतात. ते पाकीट बरोबर न्या, कारण त्यावरचं नाव आणि मिलिग्रॅम डॉक्टरांना लागतं. दिवसाला किती खातो हे मुलाला त्यांच्यासमोर एकट्याने सांगू द्या, तुम्ही बाहेर बसा. तुमच्यासमोर तो अर्धाच आकडा सांगेल. जायला एक-दोन दिवस लागणार असतील तर १४४४६ वर फोन करा, व्यसनमुक्तीसाठीची सरकारी हेल्पलाइन आहे. मनाच्या आजारांसाठी टेली-मानसचा नंबर १४४१६. दोन्हीला पैसे पडत नाहीत.

आता ते ताटावर मान टाकणं. त्या रात्री त्याने बहिणीला ढकललं आणि सकाळी विचारलं, हिला काय लागलं. तुम्हाला वाटलं असेल, नाटक करतोय. मला तसं वाटत नाही. मेंदूत आठवणी नोंदवून ठेवणारा एक भाग आहे, हिप्पोकॅम्पस. ही गोळी त्याचं काम थांबवते. माणूस चालतो, बोलतो, भांडतो, पण वहीत काहीच लिहिलं जात नाही. पान कोरं. दारू किंवा गांजा त्यात पडला की आणखीच. म्हणजे त्याने केलं ते खरं आहे, आणि त्याला आठवत नाही तेही खरं आहे.

तुमच्या चुलत दिरांनी झाडपाला म्हटलंय, त्यावर जरा सविस्तर लिहायला हवं. आपल्या भागात हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. शिरपूरकडे सातपुड्याच्या पायथ्याशी गांजाची शेती उपटल्याच्या बातम्या अधूनमधून येतातच, त्यामुळे माल काही लांबून आणावा लागत नाही. धोतराही झाडपालाच आहे, पण तो कोणी पोरांना खाऊ घालत नाही.

तुम्ही केळीवाल्या आहात, म्हणून तुम्हाला हे पटकन कळेल. केळीच्या बुंध्याशी पिलं फुटतात. सगळी ठेवली तर मूळ झाड पोसत नाही, घड बारका राहतो. म्हणून विळ्याने पिलं काढायची. कोणतं ठेवायचं आणि कोणतं काढायचं हे जाणत्या माणसाने बघायचं. बारा-तेरा वर्षांपासून पोरांच्या मेंदूत हेच चालू असतं. लहानपणी जोडण्या भरमसाट वाढलेल्या असतात. वापरातल्या पोसल्या जातात, बिनवापराच्या छाटल्या जातात. राहिलेल्या तारांवर चरबीचं वेष्टण चढतं, मोटारीच्या वायरीवर असतं तसं, म्हणजे निरोप झरझर जातो. हे काम मागून पुढे सरकतं. कपाळामागचा भाग सगळ्यात शेवटी, पंचविशीच्या आसपास पुरा होतो. आणि थांब, विचार कर, उद्याचं बघ, हे सांगणारा भाग नेमका तोच. मजेची ओढ लावणारा भाग मात्र चौदा-पंधराव्या वर्षीच जोरात असतो. गाडी धावायला लागली आणि ब्रेक अजून बसवायचेत, असं ते वय.

या छाटणीत आणि जोडणीत मेंदू स्वतःची काही रसायनं वापरतो. गांजातलं नशा आणणारं रसायन, टीएचसी, त्यांच्यासारखंच दिसतं आणि त्यांच्याच जागेवर जाऊन बसतं. म्हणजे बागेत विळा घेऊन कोणी अनोळखी शिरला. मोठ्या माणसाने ओढलेला गांजा आणि सोळा वर्षांच्या पोराने ओढलेला गांजा यात हा फरक आहे. लक्ष लागत नाही, वाचलेलं टिकत नाही, आणि टीएचसी चरबीत साठतं म्हणून रोज ओढणाऱ्याच्या अंगात ते बंद केल्यावरही कित्येक दिवस, कधी काही आठवडे सापडतं. कमी वयात सुरू करणाऱ्यांपैकी साधारण सहातल्या एकाला त्याची सवय जडते. मोठेपणी सुरू करणाऱ्यांत हे प्रमाण दहातल्या एकाच्या जवळपास. काही मुलांना, विशेषतः घरात कोणाला तसा आजार असेल तर, कानात आवाज येणं, सगळे आपल्यावर टपलेत असं वाटणं, असं वेडही लागू शकतं. तुमच्या किंवा मुलाच्या वडिलांच्या घरी असं कोणाला झालं असेल तर लाज न धरता डॉक्टरांना सांगा.

सोल्युशन हुंगणाऱ्या त्या मित्राबद्दल दोन ओळी, कारण तोही कोणाच्या तरी घरचा आहे. त्यातलं टोल्युइन तारांवरचं ते वेष्टणच खातं. आणि हुंगताना हृदय इतकं नाजूक होतं की अचानक दचकलं, पळालं, तर ठोका चुकून जागीच मरण येऊ शकतं, पहिल्या खेपेलासुद्धा. म्हणून असं पोरगं शाळेमागे दिसलं तर ओरडत अंगावर धावून जाऊ नका. हळू बोला, मोकळ्या हवेत बसवा. त्याच्या आईच्या कानावर घाला.

खोकल्याच्या कोडीनच्या औषधाची बाटली घरात सापडली तर मला विचारत बसू नका. ते पोटात गेल्यावर यकृतात त्याचं मॉर्फिन होतं. गोळी आणि ते औषध, किंवा गोळी आणि दारू एकत्र पडली की श्वास मंदावतो. हाक मारून उठत नाही, घशात घरघर, ओठ निळे, असं दिसलं तर १०८ ला फोन करा आणि त्याला कुशीवर करा. लिंबू, लोणचं, ताक, काही तोंडात घालू नका, ते फुप्फुसात जातं. आकडी आली तरी तेच: कुशीवर वळवा, कांदा-चप्पल हुंगवू नका, दातांत चमचा घालू नका.

मेंदू खराब झाला का, हा तुमचा प्रश्न. घडी-घडीचा हिशेब कोणी देऊ शकत नाही. पण ज्या मेंदूची बांधणी चालू असते तो जसा लवकर बिघडतो, तसा सावरतोही. काही महिनेच झालेत. गोळी उतरवली, गांजा सुटला, तर झोप, लक्ष, आठवण बऱ्याच अंशी परत येतात, फक्त आठवड्यांत नाही, महिन्यांत. मध्ये चिडचिड होईल, जेवणार नाही, एखाद्या दिवशी पुन्हा ओढूनही येईल. तेव्हा "सगळं पाण्यात गेलं" म्हणू नका, पुढच्या तारखेला डॉक्टरांना सांगा.

पोलिसांची भीती घरच्यांना दवाखान्यापासून लांब ठेवते, म्हणून तेही सांगते. अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा. त्यातच ६४अ कलम आहे: व्यसन लागलेला माणूस आपणहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला, तर नुसतं सेवन केल्याबद्दल किंवा जवळ थोडकं सापडल्याबद्दल त्याच्यावर खटला चालत नाही. दवाखान्यातली माहिती गुप्त ठेवायचं बंधन २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने घातलंय. उलट लहान मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्याला २०१५ च्या बाल न्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. अल्प्राझोलम विकताना मेडिकलवाल्याने डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव वहीत लिहून ठेवायचं असतं. तुमच्या पोराला ती कोणी दिली, हा प्रश्न विचारायचाच आहे, पण आज नाही. आज विचारलात तर तो दार लावून घेईल. एक मात्र शांतपणे सांगा: कोणाची पुडी कोणाला पोचवायची नाही. खाणाऱ्या पोरालाच पुढे पोचवायला लावतात, आणि तिथे ६४अ कामाला येत नाही. सैन्याचं स्वप्न त्याच्यासमोर धरा, धमकी म्हणून नको. पहाटे धावायला जाणाऱ्या दोन पोरांबरोबर त्याला जोडून द्या, डॉक्टर हो म्हणाले की.

सासूबाईंचं मन मोडू नका. भगताकडे जायचंच असेल तर दवाखान्यातून आल्यावर जा, अंगारा लावा. पण त्याच्या सांगण्यावरून डॉक्टरांची गोळी बंद करायची नाही, हे आधीच बजावून ठेवा.

आणि मुलाचे वडील. त्यांना सांगावंच लागेल, ताई. जळगावच्या चार-पाच फेऱ्या तुम्ही चोरून करू शकणार नाही. मुलगा घरी नसताना, मळ्यात, हात कामात असताना सांगा. सोबत तुमचा भाऊ किंवा ते ज्याचं ऐकतात असा कोणी असू द्या. पहिलं वाक्य "पोरगा बिघडला" असं नको, "पोराला आजार झालाय, एकदम सोडवलं तर आकडी येते" असं म्हणा. माराने काय होतं ते मी पाहिलंय: पोरगं घर सोडतं आणि टोळकं जवळ करतं. तुम्ही लिहिलेलं नाही, पण विचारते. घरात तंबाखू-चुना मळला जातो का? या पोरांची सुरुवात बहुतेक वेळा तंबाखू-गुटख्याच्या पुडीनेच होते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे तरी टपरीवर मिळतो. वडिलांनी स्वतःची डबी त्याच दिवशी डॉक्टरांपुढे ठेवली, तर पोराला जेवढं कळेल तेवढं माझ्या पानभर लिहिण्याने कळणार नाही.

दवाखान्यात जाताना मोटारसायकल मुलाला चालवू देऊ नका. एसटीने जा, सकाळची पहिली गाडी धरा.

शेवटचं तुमच्या लेकीचं. तुमच्या पत्रात ती एका ओळीत येऊन जाते. तिच्या भुवईला टाके पडले, भावाला ते आठवत नाही, आणि वडिलांना खोटं सांगायचं ओझं तिच्याच डोक्यावर आहे. आज रात्री तिच्याजवळ झोपा. तिला सांगा की दादाला औषधाचा आजार झालाय, तुझी काही चूक नव्हती, आणि वडिलांना मीच खरं सांगणार आहे. तो पुन्हा तसा पेंगताना दिसला तर जवळ जायचं नाही, मला हाक मारायची, हेही सांगा. आणि टाके काढायचा दिवस विसरू नका.

तुमची,
आक्का