इस्त्रीचा दिवा मध्येच बंद होतो आणि थोड्या वेळाने पुन्हा लागतो, हा बिघाड आहे का?

नाही, बिघाड नाही. आतला थर्मोस्टॅट ठरलेल्या तापमानाला वीज तोडतो आणि तळ जरा निवला की पुन्हा जोडतो, दिवा फक्त ते दाखवतो. हे काम दोन धातूंची एकमेकांना घट्ट जोडलेली पट्टी करते. एका बाजूला पितळेसारखा बराच प्रसरण पावणारा धातू आणि दुसऱ्या बाजूला बहुधा इनव्हार, म्हणजे सुमारे ३६ टक्के निकेल असलेला लोखंडाचा मिश्रधातू. १० सेंटिमीटर लांबीची पितळी पट्टी १०० अंशांनी तापवली तर जेमतेम ०.१९ मिलिमीटर वाढते. इनव्हारची त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकीही वाढत नाही. (हा इनव्हार शोधणाऱ्या शार्ल गियोम यांना १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं!) पण दोन्ही एकमेकींना जखडलेल्या, त्यामुळे वाकण्यावाचून गत्यंतर नाही, आणि जोडपट्टी पातळ असेल तर टोक काही मिलिमीटर सहज सरकतं. तेवढ्यात संपर्काचे दोन ठिपके अलग होतात. बारीक 'टक्' ऐकू येतं ते हेच. बटण 'कॉटन'कडे फिरवलं की आतला स्क्रू त्या ठिपक्यांवरचा दाब वाढवतो, मग पट्टीला जास्त तापून जास्त वाकावं लागतं.

मात्र यावर डोळे झाकून विसंबू नका. ठिणग्यांनी ठिपके एकमेकांना चिकटले तर वीज तुटतच नाही. दिवा बंद व्हायचं नावच घेत नसेल आणि कापड करपायला लागलं, तर प्लग काढा आणि इस्त्री दुरुस्तीला द्या.