जनरेटरचं इंजिन सारखं चढतं-उतरतं, काय करावं?

प्रश्न : माझ्या पेट्रोल जनरेटरचा वेग लोड नसताना सारखा वरखाली होतो. लोड टाकला की शांत. गव्हर्नरचा स्क्रू फिरवला, फरक पडला नाही.

स्क्रू आधी होता तिथे न्या. दोष बहुधा गव्हर्नरचा, म्हणजे वेग स्थिर ठेवणाऱ्या यंत्रणेचा, नाहीच. इंजिनाला हवेच्या मानाने पेट्रोल कमी मिळतंय. वेग पडला की गव्हर्नर थ्रॉटल (कार्बोरेटरमधली झडप) उघडतो, चढला की मिटतो, आणि हेच चालू राहतं. खात्रीसाठी चालू इंजिनाचा चोक (हवा अडवणारी झडप) हळूहळू अर्ध्यापर्यंत लावा. हेलकावे थांबले तर पेट्रोलच कमी पडतंय.

असं झालं की मी आधी पायलट जेट बघतो, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोल सोडणारी बारीक पितळी नळी. पडून राहिलेलं पेट्रोल उडून जातं, चिकट थर मागे उरतो आणि या जेटचं बारीकसं भोक तुंबतं. बिनलोड इंजिन मुख्यतः याच जेटवर चालतं, म्हणून लोडवर तुमचा त्रास दिसत नाही. जेट काढा, कार्बोरेटर क्लीनर मारा, दाबाची हवा सोडा, उजेडाकडे धरून आरपार दिसतंय का पाहा. सुई मात्र कृपा करून घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की जेट वाया गेला. एवढं करूनही हेलकावे राहिले, तर कार्बोरेटर आणि इंजिनामधलं गॅस्केट बघा. ते फाटलं की तिथून जादा हवा आत ओढली जाते.

प्रश्न : वेग नेमका किती हवा? मी आवाजावरून लावतो.

कान फसवतो. दोन पोलच्या अल्टरनेटरला (वीज तयार करणाऱ्या भागाला) 50 हर्ट्झसाठी 3000 आरपीएम, म्हणजे मिनिटाला 3000 फेरे, लागतात, 60 साठी 3600. फ्रिक्वेन्सी दाखवणारा मल्टिमीटर सॉकेटला लावा. 50 हर्ट्झच्या मशीनवर बिनलोड 52 च्या आसपास असावं, लोड आला की ते थोडं उतरतंच. इन्व्हर्टर जनरेटर लोडनुसार स्वतःच वेग बदलतो, त्याला हा हिशेब लावू नका.

प्रश्न : अर्ध्या तासाने इंजिन मंदावून बंद पडतं. थोडं थांबलं की पुन्हा सुरू होतं.

टाकीच्या झाकणातलं हवेचं छिद्र बुजलं असावं. बंद पडताच झाकण सैल करून पाहा. हवा आत शिरल्याचा आवाज आला, तर कारण सापडलं.

प्रश्न : कार्बोरेटर काढून बसवल्यापासून सुरू करताच इंजिन भयंकर रेस होतं.

ताबडतोब बंद करा! या वेगात जोडलेली उपकरणं जळू शकतात आणि कनेक्टिंग रॉडही तुटू शकतो. गव्हर्नर आणि थ्रॉटल जोडणारी दांडी निसटली आहे का, स्प्रिंग चुकीच्या भोकात आहे का, थ्रॉटल अडकतो का, ते बघा. सगळं जागेवर असेल तर गव्हर्नरचा आर्म शाफ्टवर सरकला असेल. बंद इंजिनावर त्याचा बोल्ट सैल करा, थ्रॉटल पूर्ण उघडा, शाफ्ट त्याच दिशेने अडेपर्यंत फिरवा आणि तसंच धरून बोल्ट आवळा. पुन्हा सुरू कराल तेव्हा सॉकेट रिकामे असू द्या, एक हात स्विचवर ठेवा आणि मशीन घराबाहेर मोकळ्यावर न्या. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही.