आईसाठी केअर सेंटर बघताय? आधी शेवटची खोली बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईला अर्धांगवायूचा झटका येऊन गेला, उजवी बाजू गेली, बोलणं थोडंच उरलंय. ती अमळनेरला, तुम्ही पुण्यात. जळगाव-धुळ्याकडची दोन-तीन केअर सेंटर बघून आलात, सगळीच बरी वाटली. आतली सेवा खरंच कशी आहे हे कसं ओळखावं, आणि आईला इकडेच ठेवावं की पुण्याला न्यावं?

दादा, सगळीच बरी वाटली, कारण जे बरं होतं तेवढंच तुम्हाला दाखवलं. ऑफिस, बाग, गणपतीचं देऊळ, टीव्हीचा हॉल आणि हॉलमध्ये बसलेले हसते-बोलते आजोबा. ते आजोबा कुठेही ठेवा, निभावून नेतील. स्वतः उठतात, स्वतः जेवतात, भाजीत मीठ कमी पडलं तर आवाज चढवतात. तुमच्या आईला यातलं काहीच जमणार नाही. म्हणून ज्याला हलता येत नाही आणि सांगताही येत नाही, त्याचं तिथे कसं चाललंय तेवढंच बघायचं. असली माणसं बहुतेक शेवटच्या खोलीत असतात. ती खोली दाखवायला जो मालक खळखळ करतो, त्याचा चहाही घेऊ नका.

मी सरकारी दवाखान्यात सिस्टर होते, नोकरीचा बराचसा काळ मेडिसिन वॉर्डात गेला. आता रिटायर आहे, आणि नात्यागोत्यातलं कुणी असं सेंटर बघायला निघालं की मला सोबत नेतं. गेल्यावर मी पहिल्यांदा पलंगावरच्या माणसाच्या टाचा बघते. पेशंटची हरकत नसेल तर पायावरची चादर बाजूला करायची. टाच, माकडहाड, खुब्याचं हाड, खांद्याची फरी, डोक्याची मागची बाजू, इथे सतत दाब पडून बेडसोर, म्हणजे दाबाच्या जखमा, होतात. लाल डाग दिसला तर बोटाने दाबा. दाब काढल्यावर क्षणभर फिकं पडून पुन्हा लाली आली तर ठीक. दाबूनही रंग तसाच राहिला, तर ती जखमेची सुरुवात आहे. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर लाली कळत नाही. तिथे डाग आजूबाजूपेक्षा काळपट-जांभळा दिसतो, हाताला गरम किंवा टणक लागतो. एखाद्या पेशंटला जखम आहे म्हणून लगेच सेंटर वाईट ठरवू नका. कित्येकदा घरूनच किंवा दवाखान्यातून जखम घेऊन माणूस येतो. जखम कधीची, आली तेव्हा केवढी होती, आता केवढी आहे, हे तिथल्या सिस्टरला पटकन सांगता येतं का ते बघा.

कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची असते. त्याचा तक्ता मागा. दुपारी दोन वाजता गेलात आणि चारच्या रकान्यात आधीच सही झालेली दिसली, तर समजून जा. एअर बेड असेल तर हात लावून बघा, त्यात हवा आहे का, पंपाचं बटण चालू आहे का. लाईट गेली की तो बेड बसतो, म्हणून इन्व्हर्टरवर काय काय चालतं हेही विचारा. आपल्याकडे हा प्रश्न फार महत्त्वाचा. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ वर जातो, आणि म्हाताऱ्या माणसाला तहान कमी लागते. ज्याला लागते त्याला मागता येत नाही. तेव्हा पाण्याचा ग्लास पेशंटच्या चांगल्या हाताला पोचेल असा ठेवलाय का ते बघा. आईच्या बाबतीत तो डाव्या बाजूला हवा. उजवीकडच्या टेबलावर ठेवलेला तांब्या तिच्या काही कामाचा नाही. लघवीची नळी असेल तर पिशवीकडे नजर टाका. लघवी गडद पिवळी म्हणजे पाणी कमी पडतंय. पिशवी जमिनीवर लोळतेय किंवा पेशंटच्या अंगावर ठेवलीय, तर इन्फेक्शनला आमंत्रण. ती नेहमी मूत्राशयाच्या खाली, पलंगाच्या कडेला टांगलेली हवी.

आता जेवण. मेनूचा फळा वाचू नका, जेवणाच्या वेळेला जा. अर्धांगवायूच्या पेशंटला पाठ सरळ करून बसवून भरवतात. आडवं ठेवून भरवलं की घास श्वासनलिकेत जायची भीती, त्यातून न्यूमोनिया. लुळ्या बाजूच्या गालात घास साठून राहतो, पेशंटला ते कळतही नाही. भरवणारी बाई घास गिळल्याची वाट बघते का, शेवटी गालात बोट फिरवून तोंड साफ करते का, का एका हाताने भरवत दुसऱ्या हाताने मोबाईल बघते? कळण्याची भाकरी, शेवभाजी, भरीत हे सगळं आपलं लाडकं, पण आईला भाकरी वरणात कुस्करून मऊ करून मिळेल का, डॉक्टरांनी पातळ पदार्थ घट्ट करून द्यायला सांगितले असतील तर तसं करतात का, हे विचारा. नाकातून नळी असेल तर भरवताना आणि नंतर किमान अर्धा तास डोक्याकडची बाजू उंच हवी.

आणखी एक गोष्ट बघा, ती माहीत असलेले फार थोडे. पेशंटला पलंगावरून खुर्चीत घेताना कुठे धरतात? लुळा हात धरून ओढलं की खांदा निखळतो, आणि मग महिनोन्‌महिने दुखतो. शिकलेला माणूस कमरेला पट्टा किंवा हात घालून, स्वतःचे गुडघे वाकवून उचलतो. एवढ्या एका हालचालीत त्या ठिकाणी कुणी शिकवतं की नाही हे कळतं. झटका येऊन तीन-सहा महिनेच झाले असतील तर हाच काळ सुधारणेचा. फिजिओथेरपिस्ट रोज येतो की आठवड्यातून एकदा फोटोपुरता, हे स्पष्ट करून घ्या.

सकाळी अकराला सगळा वॉर्ड गाढ झोपलेला दिसला तर मला शंका येते. म्हातारी माणसं पहाटे उठतात, दुपारी डुलकी घेतात, पण अख्खा हॉल एकदम घोरत नाही. झोपेच्या किंवा शांत राहायच्या गोळ्या कुणाला, कुणाच्या चिठ्ठीवर आणि किती दिवस चालू आहेत, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. आईला नवी गोळी सुरू करायची तर आधी फोन करायचा, असं करारातच लिहून घ्या. हातपाय बांधण्याबद्दलही हेच. "पडू नये म्हणून" हे कारण प्रत्येक वेळी पुढे येतं. मनगटावर वळ दिसतात का बघा.

वासाचं म्हणाल, तर थोडा लघवीचा वास कुठेही येतो. तो दहा मिनिटांनी गेला तर कुणीतरी डायपर बदलला. भिंतींना-गाद्यांना मुरलेला वास वेगळा असतो. आणि शिरताक्षणी फिनाईलचा भपका आला, तर तुम्ही येणार हे त्यांना माहीत होतं एवढंच समजायचं. त्यापेक्षा मागच्या अंगणात जा. दोरीवर चादरी किती वाळतायत? पंचवीस पेशंट, त्यातले निम्मे पलंगावर, आणि दोरीवर चारच चादरी, हा हिशेब बसत नाही. आपल्या गावांत नळाला कितीतरी दिवसांआड पाणी येतं, म्हणून बोअर आहे का, उन्हाळ्यात टँकर मागवतात का, हे इथे चैनीचे प्रश्न नाहीत. धुवायला पाणी नसेल तर आई ओली पडून राहील. डायपर बदलताना पडदा ओढतात का, दार लावतात का, बाईमाणसाचं बाईच करते का, तेही बघून घ्या. आईला हे बोलून दाखवता येणार नाही, पण ती मनातून मरत असते.

गुगलवरचे तारे नातेवाइकांनी दिलेले असतात, आणि तेही बहुतेक दाखल केल्याच्या पहिल्या आठवड्यात. त्यापेक्षा रात्री नऊला जा. दिवसा दहा माणसं दिसतात. रात्री पूर्ण इमारतीत एक मावशी आणि एक वॉचमन असं चित्र मी पाहिलंय. रात्री नर्स कोण, एएनएम (छोटा नर्सिंग कोर्स) आहे की जीएनएम (त्याहून मोठा कोर्स), नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आहे का, हे विचारा. मालकाशी बोलून झालं की मावश्यांशी बोला: "किती वर्षं झाली इथे?" मावश्या दर दोन महिन्यांनी बदलत असतील तर आईला कोणत्या कुशीवर दुखतं हे कुणाच्याच लक्षात राहणार नाही.

कागदांचं लवकर उरकते. भिंतीवर ट्रस्टचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं असतं. त्याचा अर्थ संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे एवढाच, सेवेची हमी नाही. आजारी माणसं ठेवून उपचार-शुश्रूषा करत असतील तर शुश्रूषागृह नोंदणीच्या १९४९ च्या कायद्याखाली नोंदणी आहे का, ते विचारा. डायपर, औषधं, फिजिओ, ड्रेसिंग महिन्याच्या पैशांत धरलंय की वेगळं, डिपॉझिट परत कधी, रात्री तब्येत बिघडली तर कोणत्या दवाखान्यात नेणार आणि सोबत कोण जाणार, हे लेखी घ्या. आई सत्तरीपुढची असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा. यादीतल्या दवाखान्यात भरती झाल्यावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण त्यात मिळतं; सेंटरची फी मात्र त्यात बसत नाही. तक्रार करायची वेळ आलीच तर ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७.

वर्षाचा करार आधी करू नका. महिनाभर ठेवून बघा. दाखल करताना वजन घ्यायला लावा आणि दर महिन्याला पुन्हा. वजनकाटा जमत नसेल तर टेपने चांगल्या दंडाचा घेर मोजून लिहून ठेवा, म्हणजे "खातात छान" या वाक्यावर विसंबायला नको. व्हिडिओ कॉलवर फक्त चेहरा दाखवतील. कधी हाताची-पायाची नखं दाखवा म्हणा, कधी जीभ.

पुणे की इकडे? तुम्ही अमळनेरचे, म्हणजे आईची बोली अहिराणीच असणार. झटक्यानंतर आधीच शब्द थोडे उरलेत, ते परके लोक समजून घेतील ही आशा कमी. "माय, जेवनी का?" असं विचारणारी मावशी असेल तर आई मान तरी हलवेल. पुण्याच्या सेंटरमध्ये खोली चकाचक मिळेल, पण कर्मचारी कुठल्या कुठले असतात. हे इकडच्या बाजूने. दुसऱ्या बाजूने, ज्याच्याकडे न कळवता कुणीतरी येऊन जातं त्या पेशंटची कूस वेळेवर बदलली जाते, हे वॉर्डात नोकरी केलेल्या कुणालाही विचारा. तेव्हा जळगावला-धुळ्याला मावशी, मामा, आतेभाऊ, असं कुणी आहे का जे आठवड्यातून दोनदा, वेळ न ठरवता, अर्धा तास जाऊन बसतील? "हो, बघू ना" म्हणणारे नकोत, खरंच जाणारे हवेत. असतील तर इकडेच ठेवा, आणि त्यांच्या पेट्रोलचे पैसे तुम्ही द्या. नसतील तर पुण्याला न्या, घरापासून वीस मिनिटांवरचं सेंटर बघा, जरा साधं असलं तरी चालेल, आणि ऑफिसातून येताना वाकडी वाट करून जात जा.