वाचकांचे प्रश्न : ल माँच्या मैदानात तंबू ठोकताना

फ्रान्समध्ये जूनमध्ये होणारी ल माँची २४ तासांची मोटार शर्यत प्रत्यक्ष बघायला जाणाऱ्या मराठी मंडळींची पत्रं यंदा बरीच आली. त्यातल्या तंबूत राहण्याबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं या अंकात देत आहोत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

आम्ही चौघं मित्र पहिल्यांदाच जातोय. शर्यतीचं तिकीट काढलं की तंबूची जागा मिळते का? (चिंचवड)

नाही. ही दोन तिकिटं वेगळी असतात आणि गोंधळ नेमका इथेच होतो. माणशी एक प्रवेश तिकीट लागतं. त्यावर सर्वसाधारण प्रेक्षक भागात फिरता येतं, पण स्टँडमधली खुर्ची हवी असेल तर तिचे पैसे वेगळे. तंबूची जागा मात्र माणशी नव्हे, तर तुकड्यावर विकली जाते. म्हणजे चौघांना प्रवेश तिकिटं चार, जागेचा तुकडा एक. आयोजक क्लबच्या विक्रीतून जागा आदल्या वर्षीच सुटतात आणि चांगल्या जागा लवकर संपतात. त्यामुळे विमानाचं तिकीट आधी आणि जागा नंतर हा क्रम उलटा करा.

तुकड्याचं माप तिकिटावर दिलेलं असतं. ते वाचून मगच तंबू निवडा. चार माणसांसाठी एक मोठा घुमटी तंबू घेण्यापेक्षा दोन-दोन जणांचे दोन तंबू आणि मध्ये उभं छत ही मांडणी बरी. एक जण रात्री दोनला परतला तर बाकीच्यांच्या अंगावरून जावं लागत नाही.

कोणती जागा घ्यावी? तंबूंच्या मैदानांची काही नावं ट्रॅकच्या वळणांवरून पडली आहेत. तेर्त्र रूज त्या नावाच्या वळणाजवळ आहे. मेझाँ ब्लांश हे पोर्शे वळणांच्या शेवटाकडे, ट्रॅकला अगदी खेटून. बोझेजूर प्रशस्त आहे, पण मुख्य स्टँडपर्यंत पायपीट होते. ट्रॅकची एक फेरी १३.६२६ किलोमीटरची आहे, त्यामुळे नकाशावर बोटभर दिसणारं अंतर पायाखाली अर्धा तास खातं. लहान मूल किंवा गुडघ्याचा त्रास असलेलं कुणी सोबत असेल तर मुख्य प्रवेशद्वाराजवळची जागा घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी चालेल. बाकी कुणालाही आमचा सल्ला एकच : स्वयंपाकाच्या सामानावर खर्च करू नका, झोपेच्या सामानावर करा.

व्हिसासाठी राहण्याचा पुरावा म्हणून तंबूच्या जागेची पावती चालते का? (ठाणे)

शेंगेन व्हिसाला प्रत्येक रात्रीचा पत्ता द्यावा लागतो, तेव्हा पावती जोडा. ती एकाच्याच नावावर असते. म्हणून ज्याच्या नावावर आहे त्याने बाकीच्यांची नावं आणि पासपोर्ट क्रमांक लिहून सही केलेलं पत्र प्रत्येकाच्या अर्जात घालावं. शर्यतीच्या आधीच्या आणि नंतरच्या रात्रींसाठी साध्या हॉटेलचं आरक्षण दाखवा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि जूनच्या गर्दीत वेळेवर भेटीची तारीख मिळणं अवघड जातं, म्हणून मार्चच्या आत कागद तयार ठेवा.

पॅरिसच्या माँपार्नास स्टेशनवरून वेगवान रेल्वेने ल माँ साधारण तासाभरावर आहे. स्टेशनवरून ट्राम ट्रॅकच्या जवळपर्यंत जाते. फक्त पाठीवरचं सामान असेल तर गाडी भाड्याने घेण्याची गरज नाही.

घरून खायला काय नेता येईल? आणि तिथे रोजचा स्वयंपाक जमेल का? आम्ही शाकाहारी आहोत. (नाशिक)

युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आत नेता येत नाहीत. यात साजूक तूप, पेढे, खव्याच्या पोळ्या, दूध पावडर, पनीर हे सगळं आलं. डबा घरचा असला तरी विमानतळावर टाकून द्यावा लागतो. ताजा कढीपत्ता, मिरच्या, कोथिंबीर हेही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाही. नेण्यासारखं काय? पोहे, भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची किंवा लसणाची कोरडी चटणी, मूगडाळ-तांदूळ मिसळून त्यातच हळद-हिंग-जिरं घातलेली खिचडीची पुडी. लोणचं न्यायचं तर तेल गळणार नाही असं दुहेरी बंद करून मुख्य बॅगेत. फोडणी तिथल्या तेलात किंवा लोण्यात करा. फ्रान्समधलं लोणी उत्तम असतं.

गॅसचा डबा विमानात कुठल्याही बॅगेत चालत नाही, रिकामासुद्धा नेऊ नका. वापरलेली शेगडी न्यायची तर ती घासून, वास जाईपर्यंत उघड्यावर वाळवा. इंधनाचा वास आला तर तपासणीत अडवतात. फ्रान्समध्ये डब्यांचे दोन प्रकार सर्रास दिसतात. एक आट्यांचा, ज्यावर शेगडी फिरवून बसते, आणि एक खटक्याचा. हे दोन्ही एकमेकांना बसत नाहीत. आपल्याकडची ट्रेकिंगची शेगडी बहुधा आट्यांची असते, तेव्हा दुकानात डब्याचं तोंड बघूनच घ्या.

किती गॅस लागेल? एक लिटर पाणी उकळायला शांत हवेत १२ ते १५ ग्रॅम, वाऱ्यात २० ग्रॅमपर्यंत जातो. चौघांचा दोन वेळचा चहा दीड-दीड लिटर धरला तर चार दिवसांत १२ लिटर, म्हणजे २४० ग्रॅम. रोज एकदा कुकरमध्ये खिचडी केली तर मध्यम आचेवर ४० ते ५० ग्रॅम, चार दिवसांचे २०० धरा. एकूण ४४० ग्रॅम होतात. ४५० ग्रॅमचे दोन डबे घ्या, एक वापरायला आणि एक हाताशी. पहाटे नुसत्या ब्युटेनची आच मंदावते, म्हणून प्रोपेन मिसळलेला डबा मिळाला तर तो निवडा.

चूक होते ती अशी : वारा लागू नये म्हणून शेगडीला चारही बाजूंनी पत्रा लावतात आणि वर रुंद बुडाचा कुकर ठेवतात. त्याची धग खाली वळते आणि डबा तापतो. आडोसा एकाच बाजूने, तोही डब्यापासून लांब ठेवा. डब्याला हात लावून बघा, गरम लागला तर आच बंद. आणि पाऊस आला म्हणून शेगडी किंवा कोळशाची भट्टी तंबूत घेऊ नका. धुमसता निखारासुद्धा कार्बन मोनॉक्साइड सोडतो, त्याला वास नसतो आणि झोपेतच माणूस जातो. यात कुणाचं काही ऐकू नका. जमिनीवर थेट शेकोटी पेटवायची नाही. पायांवर उभी भट्टी न्यायची असेल तर तुमच्या जागेचा त्या वर्षीचा नियम वाचा.

दुकानांचं म्हणाल तर फ्रान्समध्ये रविवारी दुपारनंतर बरीच बंद असतात. रविवार-सोमवारचं दूध, पाव, फळं शनिवारी सकाळीच आणून ठेवा. ट्रॅकभोवतीच्या खाण्याच्या गाड्यांवर तळलेले बटाटे आणि क्रेप, म्हणजे पातळ धिरडी, मिळतात. अंडं चालत असेल तर चीज घातलेल्या क्रेपवर शाकाहारी माणसाचं एक जेवण निभतं.

जूनमध्ये थंडी नसणार ना? पातळ चादर पुरेल? (कोल्हापूर)

पुरणार नाही. दिवसा २३-२४ अंश असतं, पण पहाटे १०-१२ अंशांवर उतरतं आणि एखाद्या वर्षी त्याहूनही खाली. स्लीपिंग बॅगवर दोन आकडे असतात. ‘कम्फर्ट’चा आकडा बघा, तो ५ ते ८ अंशांच्या दरम्यान असावा. ‘लिमिट’च्या आकड्यावर विसंबलात तर कुडकुडाल. खालची गादी त्याहून महत्त्वाची. अंगाखालचा कापूस किंवा पिसं वजनाने दबतात आणि थंडी जमिनीतून वर येते. गादीचं उष्णतारोधक माप (आर-व्हॅल्यू) २ च्या वर असू द्या. नुसती हवेची जाड गादी उबदार नसते, आतली हवा खेळती राहून उलट गार पडते.

पाऊस गृहीतच धरा. २०२४ साली रात्री इतका कोसळला की गाड्या चार तासांहून जास्त वेळ सेफ्टी कारमागे, म्हणजे धोक्याच्या वेळी सगळ्यांना हळू चालायला लावणाऱ्या गाडीमागे, फिरत होत्या. तंबूचं बाहेरचं कापड किमान २,००० मिलिमीटर जलरोधक असावं, तळ ३,०००. तंबूखाली ताडपत्री घालता ना, ती तंबूच्या कडेबाहेर बोटभरही दिसता कामा नये. दिसली तर कापडावरून ओघळलेलं पाणी तीच झेलते आणि थेट तुमच्या पाठीखाली नेते. सकाळी तंबू आतून ओला झाला की ‘गळतो’ असं वाटतं, पण पुष्कळदा तो आपल्याच श्वासाचा दमटपणा असतो. वरच्या झडपा थंडीतही उघड्या ठेवा. जमीन कुठे कडक, कुठे भुसभुशीत असते. सोबत आलेल्या पातळ खुंट्या वाकतात, म्हणून २०-२५ सेंटिमीटरच्या पोलादी खुंट्या आणि हातोडी मुख्य बॅगेत टाका. चार पायांचं छत दोऱ्या न बांधता उभं करू नका. झोत आला की ते शेजाऱ्याच्या गाडीवर जाऊन पडतं.

कोल्हापूरकरांनी पत्राच्या शेवटी भारतीय चालकाबद्दल विचारलं आहे. २०१२ साली करुण चंडोक या शर्यतीत धावणारा पहिला भारतीय ठरला आणि त्याची गाडी एकूण सहावी आली.

रात्रभर गाड्या चालू असताना झोप कशी लागते? की २४ तास जागायचंच असतं? सोबत आठ वर्षांची मुलगी आहे. (स्टुटगार्ट)

हा यंदाचा सगळ्यात चांगला प्रश्न. शर्यत शनिवारी दुपारी चारला सुटते. २४ तास जागायचं ठरवणारा प्रेक्षक पहाटे तीनला खुर्चीत पेंगतो आणि सूर्योदय, म्हणजे या शर्यतीतला सर्वांत देखणा तास, झोपेत घालवतो. तेव्हा झोप आधीच वाटून घ्या. शनिवारी सकाळी उशिरा दोन तास पडा. सुरुवात बघा, आठला जेवा. सूर्य दहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा साडेनऊपासून ट्रॅकवर असा. एकपर्यंत बघा, मग एक ते पाच झोपा. सहाला सूर्य उगवतो, त्याच्या तासभर आधी बाहेर पडा. नाश्त्यानंतर पुन्हा दीड-दोन तास आडवं व्हा, म्हणजे शेवटचे तीन तास ताजे मिळतात.

रात्रीसाठी जागा निवडायची तर आर्नाज. हे ट्रॅकवरचं सर्वांत मंद वळण आहे आणि त्याच्या आधीचं इंडियानापोलिस सर्वांत वेगवान टप्प्यांपैकी एका टप्प्यानंतर येतं. अंधारात ब्रेकच्या तबकड्या लाल पेटलेल्या दिसतात. तिकडे शटल बसने जावं लागतं. परतीच्या शेवटच्या बसची वेळ जातानाच टिपून घ्या. मुलसानच्या लांब सरळ पट्ट्याच्या कडेला मात्र प्रेक्षकांना मनाई आहे.

कानांसाठी फोमचे बोळे घ्या, आवाजरोधाचा आकडा ३० डेसिबलच्या पुढचा. बहुतेक जण ते नुसते टेकवतात आणि ‘उपयोग नाही’ म्हणतात. बोळा बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर-मागे ओढा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरा. मुलीसाठी मुलांच्या मापाचे कानझाप घ्या. घरी दोन दिवस घालून बघू द्या, नाहीतर तिथे दहा मिनिटांत काढून टाकेल. झोपताना कानझाप टोचतात, तेव्हा तिच्यासाठी मऊ बोळे वेगळे. उजेडासाठी आतून काळ्या कापडाचा तंबू घेतलात तर दिवसाची झोपही लागते.

बॅटरीवर चालणारा छोटा एफएम रेडिओ जवळ ठेवा. ९१.२ वर इंग्रजी समालोचन दिवसरात्र चालू असतं. शनिवारी गर्दीने फोनचं नेटवर्क कोलमडतं, त्यामुळे स्थिती कळायला तोच आधार. भेटायची जागा आणि वेळ मुलीच्या मनगटावर पेनाने लिहून ठेवा, तुमच्या फोन क्रमांकासह.

वीज, पाणी, स्वच्छतागृहं? (पुणे)

बऱ्याच तुकड्यांवर वीज नसते. २०,००० एमएएचची पॉवर बँक सुमारे ७४ वॉट-तासांची भरते. विमानाच्या हातातल्या बॅगेत १०० वॉट-तासांपर्यंत चालते, मुख्य बॅगेत अजिबात नाही. आपले जाड तीन पिनांचे प्लग तिथे बसत नाहीत. पाण्यासाठी घडी होणारा १० लिटरचा कॅन न्या. तो भरून तंबूत आणायचा, म्हणजे दर वेळी रांग नको. अंघोळीची गर्दी सकाळी सात ते दहा असते. दुपारी दोन-तीनला गेलात तर निवांत. टॉयलेट पेपर आणि हात धुवायचा साबण स्वतःजवळ, आणि पाण्याची सवय असलेल्यांनी अर्ध्या लिटरची पिळायची बाटली.

आम्ही इंग्लंडहून गाडीने जाणार. परत कधी निघावं? (रेडिंग)

पोर्ट्समथहून काँला जाणारी फेरीबोट घेतलीत तर फ्रान्समधलं ड्रायव्हिंग कमी होतं, समुद्राखालच्या बोगद्यातून कॅलेला जाण्यापेक्षा बरंच. इंग्लंड आता संघाबाहेर असल्याने दूध, चीज, मांस यांचा वर सांगितलेला नियम तुम्हालाही लागू.

रविवारी चारला झेंडा पडल्यावर लगेच निघू नका. प्रेक्षकांना ट्रॅकवर उतरू देतात आणि बक्षीस समारंभ जवळून दिसतो. त्याच वेळी बाहेरचे रस्ते तुंबलेले असतात आणि चालवणारा अर्धवट झोपलेला असतो. फेरीबोट सोमवारी दुपारनंतरची घ्या. रविवारी संध्याकाळी तंबूच्या खुंट्या उपटू नका, फक्त छत आवरा. तंबू सोमवारी ऊन लागल्यावर झटकून बांधा. ओला बांधावाच लागला तर घरी पोहोचल्यावर त्याच दिवशी पसरा, नाहीतर बुरशी धरते आणि शिवणीवरचा जलरोधक पट्टा सुटू लागतो.