नदीची ‘बँक’ आणि पैशांची ‘बँक’ : शब्द एकच, की निव्वळ योगायोग?

मूळ एकच आहे, फक्त दोघं वेगवेगळ्या वाटांनी इंग्रजीत आले. म्हणून ऑक्सफर्ड कोशात त्यांच्या नोंदीही वेगळ्या आहेत. काठाचा ‘बँक’ उत्तरेकडच्या स्कँडिनेव्हियन भाषांकडून आला. अर्थ मातीचा उंचवटा. आपल्या बडोद्याच्या विश्वामित्री नदीचा काठ पाहिलात की तो लगेच पटेल. (विमान वळताना कलतं त्यालाही ‘बँक’ म्हणतात, ते या उतारावरूनच.) पैशांचा ‘बँक’ इटलीहून फ्रेंचमार्गे आला. तिथले सराफ बाकावर नाणी मांडून बसत, त्या बाकाला ‘बांका’ म्हणत. हा इटालियन शब्द मुळात जर्मानिक, म्हणजे स्कँडिनेव्हियन भाषांच्याच कुळातला, त्यामुळे उंचवटा, बसायचा ओटा, बाक, सराफाचं मेज आणि शेवटी पेढी असा अर्थ सरकत गेला.

गंमत म्हणजे मराठी ‘बाक’ आणि इथल्या बागेतला गुजराती ‘बांकडो’ हेही त्याच घराण्यातले, पोर्तुगीज ‘बांको’वरून आलेले. म्हणजे 1908 साली सयाजीराव महाराजांनी बँक ऑफ बरोडा काढली, तिच्या नावातही एक बाकडं दडलंय!

एक मात्र जपून घ्या. ‘बँकरप्ट’ म्हणजे दिवाळखोर, हा शब्द इटालियन ‘मोडका बाक’वरून आला हे खरं, पण दिवाळं निघालेल्या सराफाचा बाक लोक खरोखर फोडत, ही गोष्ट बहुधा मागाहून रचलेली आहे.